कुणाच्या सांगण्यावरून

संगणक सुरू होताना बहुतेकांना कंपनीचं बोधचिन्ह दिसतं, त्याखाली एक गोल फिरतो आणि मग एकदम डेस्कटॉप समोर येतो. मधली काही सेकंदं झाकलेली असतात. लिनक्समध्येही ती झाकायची सोय आहे. ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम आधी जागा होऊन लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, उठवतो; या ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ असे दोन शब्द लिहिलेले असतात. माझ्या डेस्कटॉपवरचे ते दोन्ही मी काढून टाकले आहेत. त्यामुळे रोज सकाळी मी चहा घेत असते तेव्हा काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी सरसर वर निघून जातात. वाचायला सापडत नाहीत. नंतर ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की त्याच ओळी सावकाश वाचता येतात. प्रत्येकीच्या आधी सेकंदाच्या दशलक्षाव्या भागापर्यंतची वेळ घातलेली असते, पण पहिल्या कित्येक ओळींपुढे नुसती शून्यं. घड्याळच अजून लागलेलं नसतं.

त्या बिनवेळेच्या ओळींत एक मथळा येतो : बायोसने पुरवलेला रॅमचा नकाशा. (बायोस म्हणजे मदरबोर्डवरचा, ग्रबच्याही आधी जागा होणारा प्रोग्राम.) त्याखाली लांबलचक पत्ते जोडीजोडीने मांडलेले असतात, शून्यांच्या रांगेत मधूनच ए ते एफ अक्षरं घुसलेली. या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंत वापरण्याजोगं. पुढचं राखीव. मग पुन्हा बराच मोठा पट्टा वापरण्याजोगा. यातली एक गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे एवढी मेमरी आहे, असं कर्नल स्वतःच्या तोंडाने म्हणत नाही. बायोसने असं असं सांगितलं, एवढंच म्हणतो. मी ग्रबमध्ये काही लिहून तो नकाशा बदलला, तर तो निराळा मथळा घालतो, वापरणाऱ्याने ठरवलेला नकाशा असा. आपण हे कुणाच्या सांगण्यावरून मानलं, याची नोंद पहिल्या क्षणापासून. माझं आयुष्य मुद्रितशोधनात गेलं. समोरची ओळ कुठल्या प्रतीवरून जुळवली हे ठाऊक नसेल, तर चूक लेखकाची, जुळाऱ्याची की आधी प्रुफं पाहणाऱ्याची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. कर्नलचा हा स्वभाव म्हणूनच मला जवळचा वाटत असावा.

त्या नकाशाला ई-८२० म्हणतात. जुन्या बायोसला मेमरीची विचारपूस करताना प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये हा आकडा ठेवून हाक मारावी लागे, तेवढंच त्याचं मूळ. आता नव्या यंत्रांतून तो बायोस गेला, यूईएफआय आलं, हाक मारायची रीत बदलली. कर्नलच्या नोंदीत नाव मात्र तेच राहिलं.

गेल्या पावसाळ्यात या नकाशाकडे नीट बघायची वेळ आली. साताऱ्यात जुलै महिन्यात अजिंक्यतारा किल्ला दिसेनासा होतो, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशीचा वास येतो. त्या दमट दिवसांत एका जाडजूड ग्रंथाची प्रुफं माझ्याकडे होती. फाइल उघडली की यंत्र धापा टाकायला लागे. हार्ड डिस्कचं चक्र कुरकुर करत राही, माउसचा बाण जागच्या जागी थिजे. ‘फ्री’ ही आज्ञा देऊन पाहिलं तर एकूण मेमरी ३.७ जीबी. माझ्या यंत्रात चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. दुसरी गेली कुठे?

त्याच सुमारास जुन्या मॉनिटरने मान टाकली होती आणि त्याच्या जागी कुणीतरी वापरलेला वीस इंची मॉनिटर घरी आला होता. त्याची निराळीच तऱ्हा. पडदा रुंद, पण त्यावर चित्र यायचं १०२४ बाय ७६८ चं, सगळीकडून ताणलेलं. पॅनल मुळात १६०० बाय ९०० चं. हिशेब केला तर आडवा ताण १.५६ पट आणि उभा १.१७ पट, म्हणजे प्रत्येक आकार उंचीच्या मानाने बरोबर एक तृतीयांश जास्त रुंद. डेस्कटॉपवरच्या फोटोतली माझी मावशी आधीच सुखवस्तू, ती आणखीच ऐसपैस झाली. तिचं काही नाही. पण अक्षरं! ‘ट’चं पोट सुटलेलं, शिरोरेषा कुठे दाट कुठे फिकट, आणि अनुस्वाराचं टिंब लांबट होऊन शेजारच्या वेलांटीला चिकटलेलं. पॅनलवरचे ठिपके ठरलेले असतात; १०२४ ठिपके १६०० घरांत बसवायचे म्हटल्यावर कुठला ठिपका एका घरात, कुठला दोघांत वाटलेला, आणि सगळ्या कडांवर करडी साय. इंग्रजी मजकूर यातूनही वाचता येतो. देवनागरीत अर्थ कितीतरी वेळा त्या एका टिंबावर असतो, आणि मला पैसे तेच टिंब बघण्याचे मिळतात.

दुरुस्तीवाला मुलगा येऊन बघून गेला. “काकू, बारा-तेरा वर्षांचं यंत्र आहे. यात आता पैसे घालू नका,” म्हणाला. त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. भाचा पुण्याला असतो, तो फोनवर म्हणाला, “मावशी, दोन वेगळ्या भानगडी आहेत. एकेक करून बघ. आणि रॅमला आधी रबर मार.”

रबर मारायच्या आधी मी विचारपूस करायचं ठरवलं, कारण मेमरी कमी दिसण्याची कारणं पुष्कळ असतात आणि त्यांतली निम्मी रबराने जात नाहीत. एके काळी तर याचं उत्तर ठरलेलंच असे. ३२ बिटांत मावणारे वेगवेगळे आकडे ४,२९,४९,६७,२९६. दर बाइटला एक पत्ता धरला तर चार जीबी झाले की पत्ते संपले. त्यातही वरच्या अंगाचे बरेच पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणं अडवून बसायची. त्यामुळे चार जीबी रॅम विकत घेणाऱ्याला सव्वातीन-साडेतीनच दिसत आणि तो दुकानदाराशी भांडायला जाई. रॅम शाबूत असे, तिला पत्ता मिळालेला नसे. इंटेलने १९९५ साली पेंटियम प्रोमध्ये पत्ता ३६ बिटांचा करून ६४ जीबीपर्यंतची वाट उघडली, पण त्यासाठी कर्नल तसा बांधलेला लागे. लिनक्समध्ये त्याहून मजेदार उंबरा होता तो ८९६ एमबीचा. ३२ बिटी कर्नल पत्त्यांची वाटणी करताना तीन भाग प्रोग्रामांना देऊन एक स्वतःकडे ठेवी. त्या एका जीबीतले १२८ एमबी इतर कामांना काढले की थेट हाताशी उरे ते ८९६. त्यापलीकडची मेमरी हवी असेल तर कर्नल निराळा. सीआरटी मॉनिटरच्या काळात हौसेने एक जीबी बसवणाऱ्या कितीजणांनी तो ८९६ चा आकडा पाहून कपाळाला हात लावला असेल.

माझं यंत्र ६४ बिटी, तेव्हा ते कारण बाद. मग ‘डीएमआयडिकोड’ची आज्ञा दिली. ही आज्ञा मदरबोर्डच्या फर्मवेअरने, म्हणजे त्याच बायोस किंवा यूईएफआयने, लिहून ठेवलेले तक्ते वाचून दाखवते : कुठल्या खाचेत काय, किती जीबीचं, कुठल्या वेगाचं. पहिल्या खाचेपुढे सगळा तपशील होता. दुसरीपुढे एकच ओळ, मॉड्यूल बसवलेलं नाही. म्हणजे कर्नलचा दोष नाही. कर्नलने फर्मवेअरचं ऐकलं, आणि फर्मवेअरच्या लेखी ती खाच रिकामी होती. आता प्रश्न एक पायरी खाली सरकला. फर्मवेअरला हे कुणी सांगितलं?

रॅमची पट्टी हातात घेतली की आठ किंवा सोळा मोठ्या काळ्या चिपा दिसतात. त्या खऱ्या मेमरीच्या. नीट पाहिलं तर त्यांच्या मध्ये, खालच्या कडेजवळ, आठ पायांची एक अगदी बारकी चिप असते, तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी. तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर-थ्री पट्टीत तिच्यात सगळे मिळून २५६ बाइट मावतात, आणि त्यांत ती पट्टी कोण आहे ते लिहिलेलं असतं : आकार, वेग, कोणत्या कामाला किती अवकाश लागतो, घडवणाऱ्या कारखान्याचा क्रमांक, तयार झाल्याचं वर्ष आणि आठवडा. यंत्र सुरू झालं की फर्मवेअर आधी या दाण्याशी बोलतं. बोलण्याला तारा दोनच, एक ठेक्याची आणि एक मजकुराची. ही दोन तारांची पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ साली आणली, आयस्क्वेअरसी नावाने. पट्टीच्या २४० सोनेरी दातांपैकी ओळख सांगण्याच्या कामी येतात ते असे मोजके. त्यांपैकी एकावर किटण चढलं तर चार जीबी जागच्या जागी असूनही यंत्राच्या लेखी तिथे कुणी नाही.

यंत्राची वायर भिंतीतून काढली, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, आणि बाजूचं झाकण उघडलं. आत धुळीचा एक थर असतो तो नेहमीच्या धुळीसारखा नसतो. पंख्याने वर्षानुवर्षं एकाच दिशेने ढकलल्यामुळे तो लोकरीसारखा विणला जातो आणि पापुद्र्याने निघतो. खाचेच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या कड्या बाहेर ढकलल्या तशी पट्टी चटकन वर आली. उजेडात तिरकी धरून पाहिलं. सोन्याचे दात एका रांगेत, बहुतेक झगझगीत, पण एका टोकाकडच्या काही दातांवर तपकिरी धुरकट डाग. दमट हवेचं काम. तिथलं सोनं एका मायक्रॉनहूनही पातळ असतं, त्यामुळे रबर जोरात घासणं बरं नाही. जाणकार लोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला सांगतात. आमच्या गावात मात्र रॅम आणि रबर ही जोडी इतकी पक्की की दुरुस्तीवाल्यांच्या पेटीत स्क्रू ड्रायव्हरशेजारी खोडरबर असतोच. मी नातीच्या कंपासपेटीतला पांढरा मऊ रबर घेतला आणि दातांच्या उभ्या दिशेने हलके हात फिरवले. रबरावर काळी रेघ उमटली. मुलायम ब्रशने चुरा झटकला, खाच फुंकली (फुंकू नये म्हणतात, थुंकीचा ओलावा जातो), पट्टी बसवली. दोन्ही कड्या आपोआप आत वळून टक् असा आवाज आला.

‘फ्री’ने सांगितलं : ७.७.

आठ का नाही, हा भाच्याचा प्रश्न. मला तो ७.७ फार देखणा आकडा वाटतो. वरची कसर चोरीला गेलेली नाही, हिशेबात लागली आहे. कर्नल सगळी मेमरी ४०९६ बाइटांच्या पानांत वाटतो आणि दर पानाची माहिती ठेवायला ६४ बाइट खर्च करतो. आठ जीबीची पानं होतात वीस लाखांच्या वर, म्हणजे नुसत्या या नोंदींना १२८ एमबी. मेमरीत काय कुठे आहे हे लक्षात ठेवायलाही मेमरी लागते. उरलेल्यातलं थोडं कर्नलचं स्वतःचं, थोडं फर्मवेअरने राखलेलं, आणि थोडं पडद्याचं. माझ्या यंत्राला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चित्र काढण्यासाठी लागणारी जागा ते याच रॅममधून काढून घेतं. आणि इथे माझ्या दोन भानगडी एकमेकींना भेटल्या.

पडद्यावरच्या एका ठिपक्याला चार बाइट धरले, तर १०२४ बाय ७६८ चं एक चित्र बरोबर तीन एमबी भरतं. १६०० बाय ९०० चं साधारण साडेपाच. आज हा किरकोळ खर्च आहे. पूर्वी याच खर्चावर सगळं ठरायचं. कार्डावर एक एमबी मेमरी असेल तर १०२४ बाय ७६८ दिसे, पण रंग २५६ च. लाखो रंग हवे असतील तर ६४० बाय ४८० वर समाधान मानायचं. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए आणलं ते त्याच ६४० बाय ४८० चं. बारकावा हवा की रंग, याचं उत्तर मेमरीच्या मापाने द्यावं लागायचं. त्या काळी या दोन तक्रारी एकाच चिठ्ठीवर लिहिल्या असत्या.

मेमरीची आणखी एक गंमत. ज्याला आपण रॅम म्हणतो तिच्यात एकेक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विजेचा साठा, आणि तो गळतो. रॉबर्ट डेनार्ड यांनी आयबीएममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांची ही पेशी काढली. १९६८ साली तिचं पेटंट मिळालं, आणि गळती तेव्हापासून तिच्या सोबतीला आहे. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा यंत्र सगळं मनातल्या मनात घोकत असतं. वीज गेली की घोकणं थांबतं आणि सगळं जातं. इन्व्हर्टर नसलेल्या घरात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पडद्याचंही तेच, सेकंदाला साठ वेळा तेच चित्र पुन्हा पाठवायचं. पण तो तांदळाच्या दाण्याएवढा एसपीडी असा नाही. त्याला वीज नको, घोकंपट्टी नको. आठ जीबीचा डोलारा प्लग काढताच रिकामा होतो, आणि २५६ बाइटांचा तो जीव आपण कोण, कुठल्या वर्षाचे, हे वर्षानुवर्षं धरून बसतो.

तसाच दाणा मॉनिटरमध्येही असतो.

तिथे त्यातल्या मजकुराला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये त्याची रीत घालून दिली. मूळ मजकूर १२८ बाइटांचा, वाहून आणणाऱ्या तारा त्याच दोन, ठेक्याची आणि मजकुराची. पत्तासुद्धा तोच. पहिल्या खाचेतल्या रॅमच्या पट्टीवरची चिप आणि मॉनिटरमधली चिप, दोघी सोळाच्या पायावरच्या ५० या क्रमांकाला ओ देतात. तारांची जोडी वेगळी, म्हणून घोटाळा होत नाही. मजकूर वाचला तर तो थेट लग्नाच्या स्थळाचा बायोडेटा. घराणं तीन अक्षरांत. जन्माचा आठवडा आणि वर्ष. वर्ष १९९० पासून मोजलेलं, म्हणजे २२ असेल तर २०१२. अंगाने रुंदी ४४ सेंटिमीटर, उंची २५. मग अपेक्षा : अमुक अमुक चालेल, तमुकही चालेल, परंतु १६०० बाय ९०० असल्यास प्रथम पसंती. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की सगळ्या १२८ बाइटांची बेरीज केली की तिला २५६ ने नि:शेष भाग जावा. वाटेत काही सांडलं तर कळावं म्हणून.

माझ्या यंत्रावर हा मजकूर कर्नलने कुठे ठेवला ते शोधलं. व्हीजीएच्या नावाच्या फोल्डरात ईडीआयडीची फाइल होती आणि ती कोरी होती. मॉनिटर जोडलेला आहे हे मात्र यंत्राला ठाऊक होतं. तेही त्याने कसं ओळखलं पाहा : लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या तारांच्या पलीकडे ७५ ओहमचा भार लागतो आहे, तेव्हा तिथे कुणीतरी आहे. कोण आहे ते कळेना. अशा अनोळखी पाहुण्याला कुणालाही सोसेल असं १०२४ बाय ७६८ द्यायचं, ही लिनक्सची रीत. आणि गंमत अशी की मॉनिटर स्वतः गप्प नव्हता. चालू झाल्यावर दर थोड्या वेळाने पडद्याच्या मधोमध चौकट काढून तो मलाच सांगायचा, १६०० बाय ९०० लावा. माणसाला सांगत होता. ज्याला सांगायला हवं त्याच्यापर्यंत शब्द पोचत नव्हता.

व्हीजीएच्या निळ्या टोकात पाच-पाचच्या तीन ओळींत पंधरा पिना. मोबाइलचा टॉर्च लावून मी त्या मोजल्या. मधल्या ओळीतली नववी पीन नव्हती, पण ती पुष्कळ चांगल्या केबलींतही नसते. तळच्या ओळीतली बारावी आणि पंधरावी नव्हती. ओळख सांगण्याच्या तारा नेमक्या त्याच. रंगाच्या पिना आहेत, चित्राचा आडवा-उभा ताल देणाऱ्या तेरावी आणि चौदावी आहेत, म्हणून चित्र सुरेख चालू; फक्त बायोडेटा पोचवायला कुणी नाही. मॉनिटरसोबत फुकट आलेली स्वस्त केबल. तांब्याच्या दोन तारा वाचवल्या होत्या.

नवी केबल येईपर्यंत थांबता येत नव्हतं, प्रुफांची तारीख डोक्यावर होती. तेव्हा ओळख मीच करून दिली. ‘सीव्हीटी’ या आज्ञेला १६००, ९०० आणि ६० हे आकडे दिले की ती एक ओळ काढून देते. ती ओळ ‘एक्सरँडआर’कडे आधी नवी पद्धत म्हणून नोंदवायची, मग व्हीजीएच्या नावावर चढवायची आणि लागू करायची. माझा डेस्कटॉप जुन्या एक्स खिडकी-पद्धतीवर चालतो म्हणून हे जमलं. नव्या वेलँडवर एक्सरँडआर असं चालत नाही, तिथे तेच काम ग्रबमधून कर्नलला सांगून करावं लागतं.

ती ओळ अशी : ११८.२५, मग १६००, १६९६, १८५६, २११२, आणि ९००, ९०३, ९०८, ९३४. मी ती किती तरी वेळ बघत बसले होते. पहिला आकडा सेकंदाला किती दशलक्ष ठोके ते सांगतो, ११ कोटी ८२ लाख ५० हजार. चित्राची एक आडवी ओळ १६०० ठोक्यांत काढून होते. तरी पुढची ओळ लगेच सुरू होत नाही. ती सुरू होते २११२ व्या ठोक्यानंतर. मधले ५१२ ठोके अंधाराचे. तसंच उभ्या अंगाला ९०० ओळी दिसतात पण मोजल्या जातात ९३४. सगळा हिशेब केला तर वेळेचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग तारेतून चित्र जातच नाही. हा वेळ ठेवला होता तो काचेच्या जड नळीच्या मॉनिटरांसाठी. त्यांच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत उजव्या कडेला पोचला की त्याला परत डाव्या कडेला यायला अवकाश लागे, आणि येताना त्याने काही रेखाटू नये म्हणून तेवढा काळ तो विझवून आणत. माझ्या सपाट पडद्यात झोत नाही. परत येणारं कुणी नाही. तरी ही ओळ दर फेरीला त्याच्यासाठी थांबते. नव्या पडद्यांसाठी थांबा तोकडा करायची सोय त्याच आज्ञेत आहे, मी ती मुद्दाम वापरली नाही.

जुनी माणसं सांगतात, नव्वदच्या दशकात हे आकडे हाताने फाइलीत लिहायचे. मॉनिटरच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरून आडव्या आणि उभ्या वारंवारतेच्या मर्यादा शोधायच्या आणि जपून टंकायच्या, कारण चुकीच्या आकड्यांनी तेव्हाचा मॉनिटर जळूही शकत असे. मी लिनक्सकडे आले त्याच्या नंतर, टपालाने फुकट घरी येणाऱ्या उबंटूच्या सीडीमुळे. (२०११ मध्ये त्या सीड्या बंद झाल्या. माझ्याकडे एक अजून पाकिटासकट आहे.) २००९ च्या सुमारास पडद्याची मापं लावायचं काम कर्नलने स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली आणि त्या फाइलीची गरज बहुतेकांना उरली नाही. बरंच झालं. ज्यांना त्या फाइली लिहाव्या लागल्या, त्यांना त्याची हुरहुर वाटते असं माझ्या तरी पाहण्यात नाही.

भाच्याच्या घरच्या टीव्हीची कथा मात्र केबल बदलूनही संपली नाही. तो १३६६ बाय ७६८ चा. ईडीआयडीतल्या आखूड नोंदींत रुंदी आठाच्या पटीतच लिहिता येते आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही. मग कुणी १३६० सांगतं, सीव्हीटी १३६८ काढून देते, आणि कडेला दोन-चार ठिपक्यांची काळी पट्टी राहते किंवा अक्षरं पुसट होतात. “मावशी, एवढ्याशा फरकाने काय होतंय?” असं तो म्हणतो. तो अनुस्वार तपासत नाही.

नवी केबल लावली त्या दिवशी ती कोरी फाइल भरली. मी हाताने नोंदवलेली ओळ काढून टाकली आणि यंत्राने १६०० बाय ९०० आपण होऊन घेतलं. फोटोतली मावशी तर हाताने नोंदवलेल्या ओळीनेच मूळ मापात आली होती. ‘ट’चं पोटही तेव्हाच आत गेलं होतं. ‘वाङ्मय’मधला ङ आणि ड वेगळे दिसू लागले होते, आणि आधीच्या पन्नासेक पानांवरून पुन्हा एकदा नजर फिरवावी लागली होती ती वेगळीच.

मग उत्सुकतेने मी रॅमच्या दोन्ही दाण्यांचा मजकूरही वाचला. ‘डीकोड-डिम्स’ नावाची आज्ञा तो उलगडून दाखवते. पहिली पट्टी नीट घरंदाज : कारखान्याचं नाव, अनुक्रमांक, साल, आठवडा. दुसरी, रबर मारलेली, मी पुढे कधीतरी वापरलेल्या मालातून घेतली होती. तिच्यात कारखान्याच्या जागी काही नाही, साल शून्य, आठवडा शून्य, अनुक्रमांक सगळी शून्यं. कुठल्याशा कारखान्यात चिपा चिकटवल्या, चालण्यापुरते आकडे भरले आणि नावगाव लिहायचं राहू दिलं. यंत्राला त्याचं काही अडत नाही. आकार चार जीबी लिहिला आहे तो खरा आहे, अवकाशाचे आकडे खरे आहेत. मेमटेस्ट लावून एक रात्रभर तिच्यात नमुने लिहून-वाचून घेतले, एकही बिट हललं नाही.

आता दोघी दोन वेगळ्या वाटांवर बसवल्या आहेत, त्यामुळे प्रोसेसर त्यांच्याकडून आळीपाळीने काम घेतो. साधारण ६४ बाइट एकीला, पुढचे ६४ दुसरीला. देवनागरीचं एक चिन्ह साध्या मजकुराच्या फाइलीत तीन बाइट घेतं. म्हणजे हा परिच्छेद मी टंकते आहे तेव्हा त्यातली एकवीसेक चिन्हं साल-आठवडा असलेल्या पट्टीत जातात, नंतरची एकवीस त्या बिननावाच्या पट्टीत, की पुन्हा पहिलीत, आणि एखादा काना मध्येच दोघींत वाटला जातो.